हातमोज्यांचं बोडण

माझ्या सासरी एचआयव्ही हा शब्द कुणाला उच्चारता येत नाही. शिकलेली माणसं आहेत, त्यात काही कमी नाही. सासरे मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झाले, सासूबाईंनी उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं, नणंद कॉलेजात शिकवते. पण माझा विषय निघाला की सगळ्यांची बोबडी वळते आणि मग 'ते' सुरू होतं. "तिचं ते कसं आहे आता?" "त्याची गोळी घेतली का?" "ते असताना आंबट चालतं का?" मी मात्र पूर्ण शब्द म्हणते, तोही शक्यतो जेवताना. सासऱ्यांचा घास हातातच थांबतो आणि मला बरं वाटतं.

मी जन्मतःच एचआयव्ही घेऊन आले. आई-वडील मी शाळेत जायच्या आधीच गेले. इंदूरच्या मामीनं वाढवलं, गोळ्या वेळेवर घ्यायची सवय लावली आणि माझं ताट कधी वेगळं ठेवलं नाही. ती गेल्यावर मी नोकरीसाठी ग्वाल्हेरला आले. इथं नवरा भेटला. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा मी सगळ्यात आधी हेच सांगितलं, त्याला आणि मग त्याच्यासमोर त्याच्या आईला. रोजच्या गोळ्यांमुळे माझ्या रक्तातला विषाणू इतका कमी आहे की तपासणीत सापडत नाही, नवऱ्याला माझ्यापासून लागण होत नाही, आणि नीट काळजी घेतली तर मूलही निरोगी होतं. विज्ञानाच्या बाईंना समजावं म्हणून कागदावर आकृतीसुद्धा काढली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाल्या, "ते सायन्स सगळं ठीक आहे बेटा, पण शेवटी घर चालवायचं असतं."

सासूबाई मला बेटा म्हणतात तेव्हा काहीतरी काढून घ्यायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तरी लग्न झालं. मुलगा पस्तिशीला टेकलेला, आपल्यातली मुलगी इकडे मिळत नाही, आणि मी निदान मराठी बोलत होते. होकार दिल्यावर सासूबाईंनी आपण किती मोठ्या मनाच्या आहोत हे शिंदे की छावनी भागातल्या ओळखीच्या घरोघरी जाऊन सांगितलं. आता मोठं मन कशाबद्दल, ते सांगितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून तेही सांगितलं, प्रत्येक ठिकाणी "तुमच्यापुरतं ठेवा हं" असं बजावून. परिणामी त्या वर्षीच्या हळदीकुंकवात मला कुंकू लावताना कित्येक बायकांचं बोट माझ्या कपाळाला टेकलंच नाही. हवेतल्या हवेत कुंकू लावायची ही कला मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

यथावकाश मला दिवस राहिले. आम्ही ठरवून, सगळ्या तपासण्या करून, माझ्या नेहमीच्या सरकारी डॉक्टरांना विचारून हे केलं होतं. सासूबाईंना बातमी सांगितली तेव्हा त्या आधी देवापुढे साखर ठेवायला उठल्या, मग अर्ध्यात थांबल्या आणि साखरेचा डबा परत फडताळात ठेवला. दोनच दिवसांत त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्हा दोघांना नेलं. महाराज बाड्याजवळ त्यांचं स्वतःचं नर्सिंग होम आहे, बाहेर हसऱ्या बाळांची चित्रं आहेत. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि बोलल्या सासूबाईंशी.

"सिझेरियनच करू. आणि उघडलेलंच असेल तर ट्यूबपण बांधून टाकू. परत-परतचा झंझट नको."

"तेच बरं राहील," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाची ट्यूब?" मी विचारलं.

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू टेबलावरचा पेपरवेट बोलला. डॉक्टरीणबाई मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ. तुमच्यासारख्या केसमध्ये हेच करतात. एक होतंय ना, मग बस झालं." आणि माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमचा काय विचार आहे?"

नळी माझी आणि विचार त्याचा. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. माझा नवरा वाईट माणूस नाही, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. आई आणि बायको यांच्यामध्ये त्याला उभं केलं की तो फक्त कॅलेंडर बघतो. "बघू ना," तो म्हणाला. "आई बोलते तसं बघू."

मी उठले, फाइल उचलली आणि रिक्षा करून थेट सरकारी दवाखाना गाठला. पुढं बाळंतपणही तिथंच केलं. तिथले लोक काही संत नव्हते. बाळंतपणाच्या खोलीतल्या नर्सनं मी कळा देत असताना विचारलं, "जब मालूम था तो बच्चा क्यों किया?" तिला उत्तर द्यायला माझ्यात श्वास नव्हता, नाहीतर दिलं असतं. पण तिनं हातमोजे घातले आणि आपलं काम केलं, मला कापलं नाही आणि काही बांधलंही नाही. मुलगी झाली, साधं बाळंतपण झालं. तिला औषधाचे थेंब सुरू झाले, मी अंगावर पाजायला लागले, आणि दीड महिन्यानं पहिली तपासणी स्वच्छ आली. पुढच्या तपासण्या बाकी आहेत, पण त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "वाचलो. आता रिस्क नको."

ती रिस्क म्हणजे मी. आठवड्याभरात नवऱ्यानं मला त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात सांगितलं की आईनं डॉक्टरीणबाईंकडे नळी बांधायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे, येता गुरुवार, छोटंसंच असतं, संध्याकाळी घरी. मी विचारलं, मी हो कधी म्हटलं. तो म्हणाला, "अगं, तू नाही पण कुठं म्हटलंस?" नर्सिंग होममधून मी पाय आपटत बाहेर पडले होते, ते याला नाही वाटलं नव्हतं. मी त्याच दिवशी सासूबाईंना स्वच्छ शब्दांत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "गुरुवारी उपाशीपोटी जायचं असतं ना?"

दुसरं मूल मला हवं की नको, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजही नाही. कदाचित नकोच असेल, एकच पुरे वाटेल. पण ते न ठरवण्याची मोकळीक माझी आहे, आणि ती या माणसांनी दुर्बीण घालून कापावी हे मला सहन होईना. राग यायचा. गुरुवारी मला उचलून कुणी नेणार नव्हतं हे खरं. पण या घरात उचलून न्यायची गरज पडत नाही. सगळे मिळून इतकं गोड बोलत राहतात, नवरा इतका बिचारा होतो, की माणूस थकून आपणच चपला घालतो. लग्नानंतर असंच मी नोकरीही सोडली होती.

आता बोडणाचं सांगायला हवं. सासरकडची ही मंडळी चार-पाच पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीला आली. चाकरी गेली, भाषेत हिंदी घुसली, मुलं आपापसात हिंदीतच भांडतात, पण कुळाचार तसूभर हलला नाही. घरात लग्न किंवा जन्म झाला की बोडण भरायचं. एका मोठ्या परातीत देवी ठेवायची, भोवती पाच सवाष्णी आणि एक कुमारिका बसवायची, देवीवर दूध, दही, तूप, मध, साखर, पुरण सगळं ओतायचं आणि सगळ्यांनी मिळून ते हातानं कालवायचं. कुमारिकेला हवं ते आणखी घालायचं. पुरुषांनी हे बघायचंही नाही. मग कालवलेलं सगळं गायीला घालायचं. या घरचं आणखी एक खास होतं. बोडण कालवून झालं की घरातली वडील सवाष्ण नव्या आईला म्हणते, "पुढचं बोडणही तुझ्याच कुशीचं होऊ दे." त्यानंतर नव्या आईनं परातीतून देवी बाहेर काढायची. देवी बाहेर येईपर्यंत कुणी पाटावरून उठायचं नाही.

त्या शब्दांवर सासूबाईंची फार श्रद्धा. बोडणासमोर बोललेलं मोडता येत नाही, आणि बोलायचं टाळलं तर देवी घर धुऊन काढते, हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. त्यांच्या एका चुलत सासूनं जावेवरच्या रागानं ते शब्द गिळले होते म्हणे, आणि वर्षाच्या आत तिचं स्वतःचं घर उलटं झालं. विज्ञान शिकवणाऱ्या बाई हे सांगताना अंगावरचा काटा दाखवत होत्या.

मुलीच्या जन्माचं बोडण राहिलं होतं. तशात सासूबाईंच्या अर्धशिशीनं उचल खाल्ली आणि फ्रीज बंद पडला. दोन्ही देवीनंच केलं, यावर घराचं एकमत झालं. मंगळवारी बोडण भरायचं ठरलं. आधी बोडण, मग गुरुवारी 'ते'.

पण एकाच परातीत माझा हात आणि बाकीच्यांचे हात, हे जमायचं कसं? मला वगळता येईना, कारण बोडण माझ्याच बाळंतपणाचं. मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला, तातडीनं शहरातल्या लष्कर भागातून बोलावलं गेलं. स्वयंपाकघरात मी उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होते आणि बाहेरच्या खोलीत माझ्या हातांवर चर्चा चालली होती. मी वाटल्यास आजारी पडावं, असं मावशींनी सुचवलं. पळीनं कालवलं तर चालेल का, असं नणंदेनं विचारलं. शेवटी मावशींनाच सुचलं. बाड्यावर तिळाची गजक विकणाऱ्याकडे पोरं घालतात तसले पातळ प्लास्टिकचे हातमोजे.

"सोवळ्यात रबर चालतं का पण?" सासूबाईंना शंका आली.

"रबर कुठाय ताई, प्लास्टिक आहे. प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी चालवून घेतोच ना आपण?"

यावर दोघींचं समाधान झालं. दूध-दह्यातून एचआयव्ही होतो हे विज्ञान आणि प्लास्टिक सोवळं असतं हा धर्म, दोन्ही एकाच दुपारी एकाच सोफ्यावर तयार झाले. मग सासूबाई नणंदेला उद्याचा क्रम सांगू लागल्या. आधी पूजा, मग दूध, मग पुरण, मग कालवायचं, "आणि मग ही देवी काढेल." मधले आशीर्वादाचे शब्द त्यांनी सफाईनं ओलांडले. मी हातातलं डाळीचं ताट खाली ठेवलं. इतका वेळ मला फक्त चीड येत होती, आता पहिल्यांदा डोकं चालायला लागलं.

मंगळवारी सासरे आणि नवरा सकाळीच बाहेर गेले. बोडण पुरुषांनी बघायचं नाही ही सोय माझ्या नवऱ्याला फार मानवते. मुलीला पाजून मी आतल्या खोलीत झोपवलं. परातीभोवती सासूबाई, मावशी, नणंद, मी आणि शेजारच्या काकू बसलो. कुमारिका नणंदेची मुलगी. नणंदेला तिला बसवायचं नव्हतं, पण कुळाचाराला चालेल अशी दुसरी मुलगी सापडली नाही. सगळ्या रेशमी नऊवारीत, नाकात नथ आणि हातात फुगलेले पारदर्शक मोजे. काकूंना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, त्या इथं नव्यानंच राहायला आल्या होत्या. "कोरोनानंतर ही पद्धत छान केली हं तुम्ही, एकदम हायजिनिक," असं म्हणत त्यांनी उत्साहानं मोजे चढवले.

माझ्याही पुढ्यात एक जोडी ठेवली होती. मी ती उचलून मागे ठेवली.

"बेटा, सगळ्यांनी घातलेत," सासूबाई म्हणाल्या.

"देवीला हातानं कालवलेलं लागतं, आई. तुम्हीच सांगितलंय."

काकूंसमोर त्यांना पुढं बोलता येईना. पूजा झाली, दूध पडलं, दही पडलं, तूप, मध, साखर पडली, पुरण पडलं. मी हात घातला तशा बाकीच्यांनी परातीची आपापली कड धरली. त्या कडेकडेनं बोटांची टोकं हलवत होत्या आणि मधलं सगळं मी कालवत होते. कुमारिकेनं आणखी मध मागितला, मग आणखी दही. तुपामधानं प्लास्टिक निसरडं झालं आणि मावशींच्या उजव्या हातातला मोजा सुटून परातीत गेला. मावशी आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिल्या. मनगटापर्यंत बोडणानं माखलेला हात त्यांनी अंगापासून दूर धरला होता, अगदी दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. धुवायला उठायची सोय नव्हती. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"चल, काढ देवी," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

मी तळाशी हात नेला, देवी मुठीत धरली आणि तशीच बसून राहिले.

"आई, शब्द राहिले."

"ते नंतर बोलू."

"देवी बाहेर आल्यावर बोललेले चालत नाहीत ना?"

काकू आनंदानं म्हणाल्या, "अय्या, तुमच्याकडे आशीर्वाद देतात का? मग बोला ना, ऐकू दे आम्हालापण."

"ताई, नको बोलूस हं," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "बोललीस की गुरुवारचं..." आणि त्यांची नजर काकूंकडे गेली.

"वहिनी, तमाशा नका करू," नणंद म्हणाली. "सोडा ती देवी. आई, तूच काढून घे ना."

सासूबाईंनी हात पुढं केला. माझा हात कोपरापर्यंत दुधा-तुपात, मूठ तळाशी. देवी काढायची तर त्यांना माझी बोटं सोडवावी लागली असती. त्यांचा प्लास्टिकचा हात परातीच्या मध्यापर्यंत आला, थांबला आणि मागे गेला. नणंदेनं प्रयत्नसुद्धा केला नाही. जिला शिवायला घर घाबरतं तिच्या हातातलं काही काढून घेता येत नाही, हे त्यांच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मोज्यांची व्यवस्था त्यांनी केली, शब्द मात्र नुसते ओलांडले की झालं असं धरलं. बोडण माझं आहे, म्हणजे आशीर्वाद मी मागेन, इतका साधा हिशेब त्यांना सुचला नाही, कारण आशीर्वाद घेणारी मी असू शकते असं त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं.

आत मुलगी उठून रडायला लागली. माझ्या छातीत दूध दाटून आलं, चोळी ओली झाली. उठावंसं इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण उठले असते तर तिची आई पुन्हा एकदा चपला घालणारी बाई झाली असती. मी मूठ सोडली नाही. मुलगी आणखी जोरात रडू लागली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. बोडण परातीत आणि घरात तान्हं रडतंय, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता, देवी कोपली. मग माझ्याकडे न बघता, परातीकडे बघत त्या म्हणाल्या, "पुढचं बोडणही तुझ्याच कुशीचं होऊ दे."

"होऊ दे," मी म्हटलं आणि देवी वर काढली.

देवी धुऊन ताम्हनात ठेवली तशी मी हात पुसून आत धावले आणि मुलीला पदराखाली घेतलं. बाहेर नळ जोरात वाहत होता, मावशी हात धूत होत्या. त्या किती वेळ धूत होत्या कोण जाणे. काकू निरोप घेताना दारातून म्हणाल्या, "किती छान सासू आहे गं तुला." नणंदेनं परातीतून मोजा चिमट्यानं बाहेर काढला आणि बोडण गल्लीतल्या गायीपुढे नेऊन ठेवलं. गायीनं ते चाटूनपुसून खाल्लं.

दुपारी सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं. "नाही, गुरुवारचं राहू द्या. नाही, तिचं काही नाही. ती तर आधीपासून नाहीच म्हणत होती, त्याचं काय. माझ्या तोंडून देवीसमोर निघून गेलं, आता मला नाही करता येणार."

फोन ठेवून त्या देवघरात गेल्या. तारीख रद्द करताना त्यांनी मला विचारलं नाही. तारीख घेतानाही विचारलं नव्हतं.